जाळी कोणी काढली

‘दोन बोटं कशी लपवायची, तेवढं याला शिकवा,’ असं सर म्हणाले, आणि त्याला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. रविवारची दुपार होती, नाटकाची तालीम होती. शाळेच्या हॉलमधली बाकं भिंतीला सरकवून मधे जागा केली होती, आणि त्या जागेत प्लायवूडचं कटिंग मशीन उभं होतं, ज्याला चार वर्षांत त्याने स्वतः तीनदा रंग दिला होता. तो नेहमीप्रमाणे चपला काढून मशीनपाशी जाऊन उभा राहिला होता. त्याच्या शेजारी संघातला बँकेत नोकरी करणारा नट, सगळे त्याला बँकवाला म्हणत, येऊन उभा राहिला, त्यानेही चपला काढल्या होत्या, आणि त्याच्या पायात मोजे होते. ‘गैरसमज करून घेऊ नका,’ सर म्हणाले. ‘तुम्ही हात वर केलात की लोक हात बघत बसतात. विचार ऐकायचं थांबतात. स्पर्धेत परीक्षक काय म्हणतील? म्हणतील, हा अपघात आहे, अभिनय नाही. मला तो हात दिसायला नको आहे, कळायला हवा आहे.’ सर कॉलेजात शिकवायचे, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहून ठेवल्यासारखं यायचं आणि खोडायला कोणी पुढे होत नसे. तो ‘बरं’ म्हणाला. त्याला ‘बरं’ म्हणायची सवय होती. मग तो खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसला, आणि बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की चार वर्षांत या हॉलमध्ये आपण कधी बसलेलो नाही.

सर त्याला सापडले ते ग्रंथालयात. म्हणजे सरांच्या भाषेत, तो सरांना सापडला. ग्रंथालयाच्या तळघरात बांधणी खातं होतं. फाटकी पुस्तकं तिथे यायची, तो त्यांची शिलाई उसवायचा, पाठ खरवडायचा, नवा पुठ्ठा चढवायचा. कारखान्यातलं, कागद कापायच्या पात्याचं काम सोडून त्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. सर एक खिळखिळा कोश घेऊन खाली आले, आणि कोश टेबलावर ठेवता ठेवता त्यांची नजर त्याच्या डाव्या हातावर गेली, अंगठ्याशेजारी जिथे दोन बोटं असायला हवी होती तिथे. लोक सहसा बघतात आणि नजर काढून घेतात. सरांनी काढून घेतली नाही. खुर्ची ओढून बसले. ‘कुठे?’ त्यांनी विचारलं. ‘मशीनमध्ये.’ ‘पात्यापुढे जाळी नव्हती?’ ‘मालकाने काढायला लावली होती.’ हे वाक्य त्याच्या तोंडून सहज आलं, कोशाला कव्हर कापडाचं हवं की कागदाचं हे विचारावं तितकं सहज. सरांनी कोश बाजूला सरकवला. मग म्हणाले, ‘आमचा एक नाट्यसंघ आहे. हौशी. पण नुसती करमणूक करत नाही आम्ही.’ तीन महिन्यांत नाटक लिहून झालं. त्यात मालक सिगारेट ओढत दीड पान बोलायचा, जाळी काढ म्हणून दरडावायचा, आणि शेवटी बोटं गेलेला कामगार, म्हणजे तो स्वतःच, उजेडात येऊन हात वर करायचा.

काहीही म्हटलं तरी ती शांतता त्याची होती. शाळांचे हॉल, कॉलेजांची सभागृहं, एकदा तर गोदामात पोत्यांवर बसलेली माणसं. पण हात वर गेला की सगळीकडे तेच. खोकणारा खोकला गिळायचा. पहिल्या प्रयोगाला त्याला लाज वाटली होती, जसं कोणी आंघोळ करताना दार उघडावं. पाचव्या-सहाव्याला वाटेनाशी झाली. विसाव्याला तो त्या क्षणाची वाट बघायला लागला. ग्रंथालयात माणसं त्याला ‘अहो बाइंडर’ म्हणून हाक मारत, बसमध्ये मुठीने दांडा धरला तर शेजारचा जरा सरकून बसे, आणि इथे चारशे माणसं श्वास धरून. त्या चारशे माणसांपुढे आपण खोटं बोलतो आहोत हे त्याला माहीत होतं. पण बोलत तर तो नव्हताच. बोलायचा तो मालक झालेला नट. याने फक्त हात वर करायचा, आणि हात खोटा नव्हता. या हिशेबावर त्याची चार वर्षं निभावली होती. आता बाकावर बसून तो बँकवाल्याला बघत होता. बँकवाला हात वर करत होता, आणि त्याची दोन बोटं दुमडल्यावर अंगठा आपोआप त्यांच्यावर येत होता, जणू कोणाला तरी बुक्की मारायची आहे.

‘अंगठा लांब ठेवा,’ तो बाकावरून म्हणाला.

‘कसा, दादा? राहतच नाही,’ बँकवाला म्हणाला.

राहणार कसा. बँकवाला माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. तो मधल्या सुट्टीत तळघरात यायला लागला, डबा घेऊन आणि एक वही घेऊन. कातडीच्या रंगाची चिकटपट्टी त्याने कुठून तरी पैदा केली होती. बोटं तळहाताला चिकटवून तो अर्धा अर्धा तास बसायचा आणि डाव्या हाताने पुठ्ठे उचलून बघायचा. ‘दुखतं का हो अजून?’ ‘थंडीत.’ वहीत ‘थंडीत’. ‘नसलेली बोटं आहेत असं वाटतं म्हणतात, खरं का?’ ‘कधी कधी.’ ‘म्हणजे नेमकं काय वाटतं?’ नेमकं काय वाटतं ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. कुठल्या तरी पानाला शाई लागली आहे आणि ती बोटाला लागेल असं वाटून तो दचकून हात मागे घ्यायचा, एवढंच. ते त्याने सांगितलं नाही. ‘खाज येते,’ म्हणाला. वहीत ‘खाज’. पुढच्या तालमीला बँकवाल्याने हवेतलं नसलेलं बोट खाजवलं आणि सर उठून उभे राहिले. ‘बघा,’ सर सगळ्यांना म्हणाले, ‘याला म्हणतात निरीक्षण.’ त्याने ते बाकावरून ऐकलं. आपल्याच घरात चोर शिरावा, चोराने नेमकी निरुपयोगी वस्तू उचलावी, आणि सगळ्या गल्लीने तिचं कौतुक करावं, तसं.

आणि याच दिवसांत त्याला जाळी दिसायला लागली. काम करताना, जेवताना, बसच्या खिडकीतून. प्लायवूडची नव्हे, ती लोखंडी, हिरवा रंग उडालेली. मशीनच्या तोंडावर ती बिजागरीवर लटकत असे. गठ्ठा सरकवायचा, जाळी खाली घ्यायची, मग दांडा ओढायचा, पातं उतरायचं, जाळी वर, पुढचा गठ्ठा. दर कापाला जाळीचे चार-पाच सेकंद. बारा वर्षांपूर्वी, त्या अपघाताच्या दिवशी, चौदाशे वह्यांच्या कडा कापायच्या होत्या. जेवणाच्या सुट्टीनंतर त्याने पाना घेतला, चार बोल्ट काढले आणि जाळी मशीनशेजारी जमिनीवर उभी करून ठेवली. कोणी सांगितलं नव्हतं. थोड्या वेळाने मालक आला. मालक म्हणजे बुटका, चष्मेवाला, सतत खिशात पेन शोधणारा माणूस. सिगारेट त्याने जन्मात ओढली नसेल. तो मशीनपाशी थांबला. उघड्या पात्याकडे त्याने बघितलं, मग जाळीकडे बघितलं. मग चपलेच्या टोकाने जाळी जरा भिंतीकडे सरकवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला लागू नये म्हणून. आणि गेला. एवढंच. एक शब्द बोलला नाही. अर्ध्या तासाने गठ्ठ्यातली वरची वही तिरकी झाली, डावा हात ती सरळ करायला गेला आणि उजवा हात दांड्यावर होता.

हॉस्पिटलात शुद्ध आली तेव्हा बायको कॉटशेजारी स्टुलावर बसलेली होती. नाटकात ती छाती पिटून रडते. खरी रडली नव्हती. पहिला प्रयोग बघून आल्यावर ती एवढंच म्हणाली होती, ‘मी अशी रडले नव्हते. मी डॉक्टरला विचारलं होतं, दुसरा हात नीट आहे ना.’ आणि पुन्हा कधी नाटकाला आली नाही. त्या दिवशी स्टुलावर बसून तिने त्याच्याकडे बघत विचारलं, ‘जाळी कोणी काढली?’ तिला मशीनची माहिती होती. लग्नानंतर वर्षभर ती त्याच कारखान्यात कागदांच्या घड्या घालायला यायची. त्याचं तोंड कोरडं पडलं होतं. ‘मालकाने काढायला लावली,’ तो म्हणाला. खोटं एकदा घरात सांगून झालं की बाहेर सांगायला काही लागत नाही. संध्याकाळी मालक आला तेव्हा तिने त्याला वॉर्डच्या दारातच थोपवलं. काय बोलली ते कॉटवरून ऐकू आलं नाही. मालकाचा चष्मा तेवढा दिसला, खाली गेलेला. मालकही काही बोलला नाही. ‘मी सांगितलं नव्हतं,’ असं तो म्हणू शकला असता. बारा वर्षं त्याला या गोष्टीचा राग होता. आपलं खोटं त्या माणसाने खोडून काढलं नाही याचा राग. गेल्या वर्षी मालक वारल्याचं कळलं तेव्हा त्याने शर्ट बदलला, आणि बायको दाराशी येऊन म्हणाली, ‘तिथे जाणार असाल तर मला आधी सांगा, म्हणजे मी माझं बघते.’ त्याने शर्ट परत खुंटीला लावला.

बँकवाल्याच्या पहिल्या प्रयोगाच्या आठवडाभर आधी तो सरांकडे गेला. सरांच्या खोलीत पुस्तकं जमिनीपासून छतापर्यंत होती आणि त्यातल्या निम्म्यांच्या पाठी सुटायला आल्या होत्या. त्याने उभ्या उभ्या सात मोजल्या. ‘मालक बोलला नव्हता,’ तो म्हणाला.

‘म्हणजे?’

‘म्हणजे ते दीड पान. तो काही बोललाच नव्हता. त्याने जाळी काढलेली बघितली आणि पायाने बाजूला केली.’

सरांनी डोळे मिटून घेतले. कल्पनेत करून बघितलं असावं. ‘नाही,’ ते म्हणाले. ‘दिसणार नाही. पाचव्या रांगेच्या मागे पाय दिसत नाहीत. आणि लोकांना मालक ऐकू यायला हवा. तो गप्प राहिला तर लोकांना वाटेल, बिचारा.’ मग जरा हसून: ‘तुम्हाला भूमिका गेल्याचं वाईट वाटतंय. मी समजू शकतो.’

जाळी मीच काढली, हे वाक्य तोवर त्याच्या ओठापर्यंत आलेलं होतं. सरांच्या शेवटच्या वाक्याने ते मागे गेलं, आणि मागे जाऊन तिथे बसून राहिलं.

प्रयोग एका कॉलेजात होता, सकाळी अकराला, आणि नंतर चर्चा. त्याला विंगेत उभं केलं होतं, पात्याचा दोर सोडायला. बँकवाल्याने काम चोख केलं. पातं पडलं, किंकाळी आली, आणि शेवटी हात वर गेला तेव्हा विंगेतून त्याला तळहाताची बाजू दिसली, पट्टीखाली दडपलेली दोन गुबगुबीत बोटं. आणि तीच शांतता. तिला काही फरक कळला नव्हता. चारशे माणसांनी तितकाच श्वास धरला होता. आत्तापर्यंत त्याला वाटत होतं की निदान ती तरी आपली आहे. चर्चेला रंगमंचावर खुर्च्या मांडल्या. सर म्हणाले, ‘आणि ज्यांच्या आयुष्यावर हे बेतलंय ते आज आपल्यात आहेत,’ आणि त्याला हाताला धरून बाहेर आणलं. डाव्या हाताला. कोणीतरी माईक त्याच्या तोंडाशी धरला. दोन शब्द बोला, म्हणाले. तो सत्यासाठी बोलला नाही. पुढे कितीदा तरी त्याने स्वतःला हे बजावलं. तो बोलला कारण त्याला त्या सगळ्यांचं वाटोळं करायचं होतं, सरांचं, त्या वहीचं, त्या शांततेचं.

‘ते... आपलं...’ तो म्हणाला, ‘जाळी मालकाने काढली नाही. मी काढली. मला कोणी सांगितलं नव्हतं. पाना घेतला आणि मी काढली. मालकाने बघितली, ते आपलं, आणि पायाने बाजूला केली. इतके दिवस मी खोटं सांगत होतो.’

हॉलमध्ये चुळबुळ झाली. मागून एका मुलीने विचारलं, ‘पण का काढलीत?’

‘घाई होती.’

‘कशाची घाई?’

‘घाई असतेच,’ तो म्हणाला.

आता सर उठतील आणि आपल्याला हाकलतील, याची तो जवळजवळ आनंदाने वाट बघत होता. सर उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. ‘मित्रहो,’ ते म्हणाले, ‘मी चार वर्षं जे लिहू शकलो नाही ते या माणसाने दोन मिनिटांत सांगितलं. पिळवणूक इतकी आत उतरते की माणूस स्वतःच्या हाताने जाळी काढतो, आणि वर दोष स्वतःकडे घेतो.’ टाळ्या सुरू झाल्या. माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. बँकवाल्याने त्याला मिठी मारली. पट्टी अजून हातावर होती, ती त्याच्या मानेला चिकटली. तो माईकमध्ये काहीतरी बोलायला गेला, पण माईक बंद केला होता.

त्यानंतर तो तालमींना गेला नाही, आणि त्याला कोणी बोलावलंही नाही. दीड महिन्याने सर स्वतः तळघरात आले. स्पर्धेचा प्रयोग रविवारी दुपारी दोनला होता. ‘शेवट बदललाय,’ ते म्हणाले. ‘तुम्हाला यायलाच हवं. आणि वहिनींना घेऊन या.’ पुढच्या रांगेतले दोन पास त्यांनी टेबलावर, खळीच्या भांड्याशेजारी ठेवले. बायको येणार नाही अशी त्याची खात्री होती. पण ती म्हणाली, ‘दुसऱ्याला घातलंय ना तुमच्या जागी? मग येते. बघू तरी काय दिवे लावतोय.’ तिला त्याच्या वतीने राग आला होता. तिचा राग असा नेहमी त्याच्या वतीने असायचा. बारा वर्षं तिने तो राबवला होता, एखाद्याने आजाऱ्याची कामं अंगावर घ्यावीत तसा. बसमध्ये ती खिडकीपाशी बसली आणि म्हणाली, ‘तुम्ही चांगले करायचात. मी एकदाच बघितलं, पण चांगले करायचात.’ हे तिने चार वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं. त्याला उतरून जावंसं वाटलं.

शेवट बदलला म्हणजे काय, याचा त्याने विचारच केला नव्हता असं नाही. मालकाचं भाषण कापलं असेल, त्याला वाटलं होतं. भाषण होतं तसंच होतं. सिगारेटही होती. हात वर गेला, अंधार झाला, लोक टाळ्या वाजवायला लागले, तेवढ्यात पुन्हा उजेड आला. बँकवाला एकटाच पुढे आला. त्याने सगळ्यांदेखत सावकाश चिकटपट्टी सोडवली, दोन्ही बोटं सरळ केली आणि प्रेक्षकांकडे बघितलं. ‘ते... आपलं...’ तो म्हणाला, आणि दोनचार जण हसले. ‘जाळी मालकाने काढली नाही. मी काढली.’ एकही शब्द बदलला नव्हता. जिथे तो अडखळला होता तिथे बँकवाला अडखळत होता. मान किंचित डावीकडे कलायची, ती कलत होती. ती कलते हे त्याला आजच कळलं. विंगेतून एका बाईचा आवाज आला, ‘कशाची घाई?’ बँकवाला थांबला, इतका थांबला की रंगमंचावरच्या दिव्यांची घरघर ऐकू आली. ‘घाई असतेच.’ अंधार.

टाळ्या त्याच्या पाठीवर पडत राहिल्या. त्याने बायकोकडे बघितलं नाही. ती टाळ्या वाजवत नव्हती एवढं त्याला कोपराला कळत होतं. दिवे लागल्यावर ती म्हणाली, ‘हे त्यांनी लिहिलंय की तुम्ही बोललात?’

‘मी बोललो.’

‘कोणाला?’

‘तिथे. कॉलेजात. लोकांना.’

‘लोकांना,’ ती म्हणाली.

सर रंगमंचाच्या पायऱ्या उतरून त्यांच्याकडे येत होते, दोन्ही हात पसरून. ती उठली आणि त्यांच्या बाजूने निघून गेली, खुर्चीला वळसा घालावा तशी. बसथांब्यावर ती रांगेत उभी होती. त्याच्या आणि तिच्या मधे दोन अनोळखी माणसं होती, आणि ती माणसं नाटकाबद्दल बोलत होती. पुढे जाऊन तिच्याजवळ उभं राहावं असं त्याला वाटलं, आणि राहू नये असंही. ती काय आठवत असेल ते तो ओळखत होता. वॉर्डचं दार. तो खाली गेलेला चष्मा. खुंटीवरचा शर्ट. बारा वर्षांचा एकेक दिवस काढून ती उलटा करून बघत असणार, आणि प्रत्येकाच्या मागे हाच बसलेला दिसत असणार, गप्प.

घरी आल्यावर तिने कुलूप काढलं, खिडकी उघडली, पाणी पिऊन भांडं जागेवर ठेवलं आणि त्याच्या समोर बसली. पश्चिमेचं ऊन खिडकीतून आत येऊन तिच्या मांडीपर्यंत आलं होतं.

‘सांगा,’ ती म्हणाली.

‘काय सांगू? ऐकलंस ना.’

‘त्याचं ऐकलं. तुमचं ऐकायचंय.’

त्याने तोंड उघडलं. ‘ते... आपलं...’ आणि थांबला. पुढचं वाक्य तयार होतं, पण ते बँकवाल्याच्या आवाजात होतं. जाळी मालकाने काढली नाही: बँकवाला. पाना घेतला: बँकवाला. दुसऱ्या शब्दांत सांगावं म्हणून त्याने शोधून बघितलं, तर दुसरे शब्द नव्हते. स्वतःची एवढी एकच खरी गोष्ट होती, आणि ती त्याने रागाच्या भरात देऊन टाकली होती. आता ती सांगायला गेलं की तोच नकलाकार ठरत होता.

‘मी त्या माणसाला दारातून घालवलं,’ ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ‘तो गेला तेव्हा तुम्हाला जाऊ दिलं नाही. तुम्ही शर्ट काढून ठेवलात आणि बसलात. तेव्हा तरी बोलायचं. मी तुमची कोण लागत होते?’

त्याने खुंटीकडे बघितलं.

‘घाई असतेच म्हणे. तुम्हाला कधी घाई नसते. भाजी आणायला गेलात तर तासाने येता. कशाची घाई होती?’

हे एक त्याने कोणालाच दिलं नव्हतं. ना सरांना, ना वहीला, ना माईकला. स्टुलावर बसून तिने पहिल्यांदा विचारलं, तेव्हा ज्याच्यामुळे तो खोटं बोलला होता ते हेच. बारा वर्षं त्याने ते तिच्यासाठी म्हणून सांभाळलं होतं, आणि सांभाळताना त्याला मनातून स्वतःचा मोठेपणा वाटत आला होता. तेवढा एकच मोठेपणा त्याच्यापाशी होता. अजूनही वेळ गेली नव्हती. ‘आठवत नाही’ म्हणता आलं असतं. त्याने तिच्याकडे बघितलं. ती सरळ त्याच्याकडे बघत होती, परक्या माणसाकडे बघावं तशी, आणि त्याला ते सहन झालं नाही. आपल्या जिभेवर काय आलं आहे ते त्याला पुरतं कळत होतं. ते दया म्हणून आलं नव्हतं.

‘पाचच्या आत या, असं तू सांगितलं होतंस,’ तो म्हणाला. ‘जागा दाखवणारा माणूस पाचपर्यंतच थांबणार होता. किल्ली घेऊन.’

तिने मांडीवरच्या उन्हाकडे बघितलं. कुठली जागा, असं तिने विचारलं नाही. मग तो माणूस अपघातानंतर दीड महिन्याने भेटला होता, आणि खिडकी पश्चिमेला आहे म्हणून तिने ती जागा लगेच पसंत केली होती. दोघंही आता तिथेच बसलेली होती.